तापेपर्यंतचा आवाज

  मागच्या महिन्यात गटांच्या बैठकांमधून आमच्याकडे एकच प्रश्न तीन ठिकाणांहून आला. शब्द वेगळे होते, गोष्ट तीच. "देवळातलं जुनं मशीन लावल्यावर घूं घूं करतं, ते टाकून द्यायचं का?" "सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर आहे, भंगारवाला मागतोय, देऊ का?" "भजन सुरू होतं तेव्हा आवाज चांगला असतो, अभंग रंगात आला की फाटतो, हे काय?" आज या प्रश्नांबद्दल बोलू. कर्ज, हप्ता, खतावणी हे विषय पुढच्या वेळी.

हा विषय बायकांचा कसा, असं कुणाच्या मनात येईल. महिला भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर बिघडला तर वर्गणी कोण काढतं? आपणच. माळ्यावरची वस्तू दारात आलेल्या माणसाला कोण काढून देतं? घरी असते ती बाई. मग त्या वस्तूची किंमत आणि तिचा धोका, दोन्ही आपल्याला ठाऊक पाहिजे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते बघू. हल्लीच्या मशीनमध्ये ट्रान्झिस्टर आणि आयसी असतात, बटण दाबलं की आवाज. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेत लागला, पण तो आपल्या खेड्यांत यायला बरीच वर्षं गेली. त्याच्या आधी रेडिओ असो, सिनेमाचं थेटर असो की लग्नातला कर्णा असो, सगळं काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचं. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १९५६ साली याच केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक मोठा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. आपण आज रेडिओवर बोलतो आणि तुम्ही गटात बसून ऐकता, त्याची ही जुनी वाट आहे म्हणा ना. तेव्हाचा रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ. कार्यक्रमाच्या वेळेला बटण दाबून भागायचं नाही. आधी लावून तापू द्यावा लागायचा.

तापू का द्यायचा? काचेच्या बंद नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक बारीक तार असते, ती विजेने तापते. तिच्याभोवती धातूची छोटी नळी असते आणि त्या नळीवर एक लेप दिलेला असतो. हा लेप लालसर तापला की त्यातून विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मधे एक जाळी असते. माइकमधून आलेला बारीकसा आवाज त्या जाळीवर जातो आणि ती जाळी कणांचा मोठा लोंढा कमीजास्त करते. शेतात दारं धरणारी बाई बघा. हातातल्या फावड्याने चार ढेकळं इकडची तिकडे करते आणि पाटाचं सगळं पाणी तिच्या म्हणण्याप्रमाणे वळतं. ती जाळी म्हणजे ही दारं धरणारी बाई. पण पाटाला पाणीच आलं नसेल तर तिने काय वळवावं? लेप तापेपर्यंत व्हॉल्व्हची तीच गत असते.

म्हणून पहिली गोष्ट. बटण दाबल्यावर पंधरा ते तीस सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर तो बिघाड नाही. तवा तापल्याशिवाय भाकरी टाकत नाही तसंच हे. पहिल्या अर्ध्या मिनिटात हलकी घूं येऊन गेली तरी घाबरू नका. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटचे दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, बैलजोडीसारखे. एक आधी तापला, दुसरा मागे राहिला तर तेवढ्या वेळापुरती घूं येते. दोघं बरोबरीला आले की जाते. पेटीतून टिक, टिक असा बारीक आवाज आला तर तो तापलेला पत्रा फुगल्याचा. पावसाळ्यात ऊन पडलं की छपराचे पत्रे वाजतात, तसाच. फक्त तो आवाज पेटीतून येतोय की कर्ण्यातून, ते कान देऊन ऐका. पेटीतून येत असेल तर सोडून द्या. कर्ण्यातून येत असेल तर तो वेगळा विषय.

आता जो आवाज बिघाड सांगतो त्याकडे येऊ. आमच्या ओळखीच्या एका भजनी मंडळाची गोष्ट सांगतो, गावाचं नाव राहू द्या. त्यांच्याकडे वडिलधाऱ्यांच्या काळातला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला पालखीबरोबर पूर्वी तोच वाजायचा. मधे काही वर्षं बंद होता. बायकांचं मंडळ निघालं तेव्हा तो परत खाली काढला. लावला की घूंऽऽ असा जाड आवाज. पाच मिनिटांनी तो कमी व्हायचा. पेटी-टाळ सुरू व्हायचे, आवाज छान गोड यायचा. आणि पंधरावीस मिनिटं झाली की आवाज फाटायला लागायचा, जसा घसा बसलेल्या माणसाचा. बंद करून थंड केला की पुन्हा ठीक.

एका मेकॅनिकने वरून बघितलं आणि सांगितलं, "सगळे व्हॉल्व्ह गेले. आता मिळत नाहीत. मशीन मला द्या, तीनशे रुपये देतो, तुम्ही नवीन घ्या." नवीन म्हणजे मंडळाची दोन वर्षांची शिल्लक. त्यातल्या एक काकू हुशार, त्या म्हणाल्या, "व्हॉल्व्ह गेलेत तर पहिली पंधरा मिनिटं कोण गातंय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न फार मोलाचा आहे. बिघाड कधी येतो आणि कधी जातो, यात अर्धं उत्तर असतं. मग मंडळातल्या एका मुलीने वही घेतली आणि तीन दिवस घड्याळ लावून लिहून काढलं. लावला किती वाजता, आवाज किती सेकंदांनी आला, घूं केव्हा थांबली, फाटायला केव्हा लागला, त्या वेळी दिवे मंद होते का. बस, एवढंच. मशीन उघडलं नाही की स्क्रू काढला नाही.

न उघडण्याबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये घरच्या २३० व्होल्टपेक्षा जास्त वीज असते. अडीचशे, तीनशे, मोठ्या ॲम्प्लिफायरात चारशे व्होल्ट आणि वर. आणि आतले मोठे कंडेन्सर ती वीज साठवून धरतात. प्लग काढून ठेवला तरी ती काही वेळ आत असते. हंड्याचा नळ बंद केला म्हणून हंडा रिकामा होत नाही. म्हणून मागची पाठ उघडून बोट, चमचा, पिन, काहीही आत घालायचं नाही. पोरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. काही जुन्या रेडिओंमध्ये तर ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतला पत्रा थेट लाइनला जोडलेला असतो. अशा रेडिओचं बटण निघून नुसता दांडा उरला असेल तर त्या दांड्याला हात लागूनही झटका बसू शकतो. तुटकं बटण ही किरकोळ गोष्ट समजू नका. आधी ते बसवून घ्या, मग लावा.

तर आपल्याकडे हत्यारं चार. कान, डोळे, नाक आणि घड्याळ. यांनी काय कळतं ते बघा.

लावल्यावर घूं येते आणि हळूहळू कमी होते. ही बहुतेक वेळा मोठ्या कंडेन्सरची खूण. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे होते. मशीनला सरळ, सपाट वीज लागते. ती सपाट करायचं काम कंडेन्सर करतो. तो वाळला की वीज खडबडीत राहते आणि तीच घूं होऊन ऐकू येते. मशीन बरीच वर्षं पडून असेल तर कंडेन्सरच्या आतला पातळ थर खराब झालेला असतो, वीज मिळाली की तो पुन्हा धरायला लागतो. त्यामुळे पाच मिनिटांनी आवाज सुधारतो. रोज लावूनही रोज तेवढीच घूं येत असेल तर मात्र कंडेन्सर बदलायलाच झाला. आणि घूं कमी न होता वाढत गेली किंवा वास आला, तर लगेच बंद.

खरखर आणि फट फट वेगळी. मशीन तापलं की धातू फुगतो. कुठे सोल्डर सुटलेलं असेल, व्हॉल्व्हची पिन काळी पडली असेल, तर तिथला सांधा कधी लागतो कधी सुटतो. त्याची फटफट येते. एक सोपी परीक्षा आहे. व्हॉल्यूमचं बटण पूर्ण शून्यावर आणा. खरखर गेली तर दोष बटणाच्या अलीकडे आहे, म्हणजे माइक, माइकची वायर, पहिला व्हॉल्व्ह यांत. गेली नाही तर बटणाच्या पलीकडे, मोठ्या व्हॉल्व्हच्या किंवा विजेच्या बाजूला. फक्त बटण फिरवतानाच खरखरत असेल तर बटणातच घाण आहे. एवढं एक वाक्य तुम्ही मेकॅनिकला सांगितलंत तर त्याचा तास वाचतो. आणि बाईला काही कळत नाही असं समजून तो बोलणार असेल तर तेही वाचतं.

पेटीवर हलकी टिचकी मारली आणि कर्ण्यातून घंटेसारखा टण्ण आवाज आला, तर पहिल्या व्हॉल्व्हच्या आतले भाग सैल झालेत. तो व्हॉल्व्ह बदलावा लागतो, बाकी मशीन ठीक.

आवाज यायलाच चार-पाच मिनिटं लागत असतील तर व्हॉल्व्ह म्हातारा झाला असेल. पण घाई करू नका, आधी घरातला दिवा बघा. आपल्या वाड्यांवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे आपण सगळ्या जाणतो. व्हॉल्व्हची तार बहुतेक ६.३ व्होल्टवर तापते. लाइन २३० ऐवजी १८० ला आली तर त्या तारेला पाचसुद्धा मिळत नाहीत. मग ती उशिरा तापते आणि पुरती तापतही नाही. दुपारी लावून बघा. दुपारी लवकर आवाज येत असेल तर व्हॉल्व्ह चांगला आहे, दोष लाइनचा आहे, स्टॅबिलायझर लावा. गंमत बघा, वळवण तलावाचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईसाठी वीज होते. आपल्या डोंगरातल्या पाण्याची वीज. आणि आपल्या वाडीवर संध्याकाळचा अभंग व्होल्टेज नाही म्हणून अडतो! असो.

डोळ्यांनी बघायचं ते असं. व्हॉल्व्ह जाळीतून दिसत असतील तर आत मधोमध नारिंगी उजेड हवा. काचेच्या माथ्यावर आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. पण सगळ्यात जपायची खूण म्हणजे आतला मोठा करडा पत्राच लाल होणं. मधली तार नारिंगी असतेच, पण बाहेरचा पत्रा चुलीतल्या सळईसारखा लाल दिसला तर अभंग पुरा होऊ देऊ नका. त्याच क्षणी बंद करा. नाहीतर व्हॉल्व्ह जातो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्सफॉर्मर ही त्या मशीनमधली महागाची वस्तू, आणि तो पुन्हा गुंडाळून देणारी माणसं आता थोडी राहिलीत.

त्या मंडळाच्या मशीनचं हेच होत होतं. मुलीच्या वहीत तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, "१८ मिनिटं, आवाज फाटला, उजवीकडचा व्हॉल्व्ह लाल." ती वही आणि ते मशीन घेऊन दोघीजणी लोणावळा लोकलने पुण्याला गेल्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारत विचारत एक वयस्कर मिस्त्री सापडले, त्यांनी उमेदीच्या काळात हीच कामं केलेली. त्यांनी आधी वही वाचली. मग म्हणाले, "ताई, निम्मं काम तुम्हीच केलंय." दोष निघाला दोन कंडेन्सरचा. घूं करणारा मोठा कंडेन्सर वाळलेला. आणि दोन व्हॉल्व्हच्या मधे आवाज पुढे पाठवणारा एक छोटा कंडेन्सर गळका झालेला. गार असताना तो ठीक असायचा, तापला की गळायला लागायचा आणि नको ती वीज पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर सोडायचा. म्हणजे दारं धरणाऱ्या बाईचा बांधच फुटला, पाणी आवरेना. म्हणून व्हॉल्व्ह लाल आणि आवाज फाटका. बदललेले दोन्ही सुटे भाग आणि मिस्त्रींची मजुरी मिळून जो खर्च आला तो मंडळाने एका महिन्याच्या वर्गणीत भागवला. व्हॉल्व्ह सगळे शाबूत होते.

हे व्हॉल्व्ह मिळत नाहीत, हेही खरं नाही. आपल्या देशात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने ते बनवले. ते कधीच थांबलं, पण जुना साठा पुण्याच्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून निघतो. परदेशात काही कारखान्यांत ते आजही बनतात, कारण गिटार वाजवणारे आणि गाण्याचे शौकीन व्हॉल्व्हचाच आवाज मागतात. आणि लोणावळ्याला बंगला बांधणारे लोक दिवाणखान्यात ठेवायला जुना रेडिओ शोधत फिरतात. भंगारवाला माळ्यावरचा रेडिओ वजनावर नेतो तो लोखंड वितळवायला नेत नाही, हे लक्षात घ्या. द्यायचाच असेल तर आधी त्याचा फोटो काढा, मागचा नंबर लिहून घ्या, दोन ठिकाणी विचारा.

आमचं मत विचाराल तर प्रत्येक जुनं मशीन जपायलाच पाहिजे असं नाही. ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल, पत्रा गंजून गेला असेल, तर त्यात मंडळाचे पैसे घालू नका. व्हॉल्व्हचं मशीन जड असतं, वीज जास्त खातं आणि तापतं. रोज एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर न्यायचं असेल तर नवीन हलकं मशीन बरं. पण तो निर्णय आपण आपल्या हिशोबाने घ्यावा, दुसऱ्याच्या सांगण्यावर नको.

आता आपल्या हवेबद्दल थोडं. लोणावळ्याचा पाऊस आपल्याला सांगायला नको, चार महिने भिंतींना पाझर. जुन्या मशीनमधले कागदी कंडेन्सर दमट हवेत ओल धरतात आणि ओल धरली की गळतात. चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवलं तर ओल लागत नाही, पण काजळी बसते आणि उंदीर वायरी खातात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे आतली कोरडी खोली, जमिनीपासून वर, सुती कापड झाकून. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. चालू असताना कापड काढायचं, वर हार-फुलं, तबक काही ठेवायचं नाही. त्याला वारा लागतो. आणि कर्णा जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही लावायचा नाही. वायर निसटलेली असताना मशीन चालू राहिलं तर आवाज येत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि आत ट्रान्सफॉर्मरवर नको तेवढा ताण येतो. आधी कर्ण्याची वायर, मग माइक, मग प्लग. बंद करताना उलट्या क्रमाने.

वर्षानुवर्षं पडून असलेलं मशीन एकदम लाइनवर लावू नका. मेकॅनिककडे सिरीजचा बल्ब असतो. साधा तारेचा बल्ब मशीनच्या आधी जोडलेला. मशीनमध्ये शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण उजेड देतो आणि मशीन वाचतं. ठीक असेल तर बल्ब आधी उजळून मग मंद होतो. मेकॅनिकला विचारा, "काका, सिरीजवर लावून बघितलं का?" तो आपल्याकडे वळून बघेल. बघू द्या.

गटांसाठी एक काम सुचवतो. ज्या गावात असं मशीन आहे तिथल्या गटाने त्याची एक वही ठेवावी. वर मशीनचं नाव आणि नंबर, खाली तारीख, लावल्याची वेळ, आवाज आल्याची वेळ, काय ऐकलं, काय दिसलं, काय दुरुस्त केलं, पैसे किती दिले, जुना भाग परत घेतला का. बदललेला भाग परत मागायचाच, लाजायचं नाही. किराण्याची वही आपण ठेवतोच, तशीच ही.

ज्या मंडळाची गोष्ट सांगितली, त्यांच्या मशीनला आता आवाज यायला बावीस सेकंद लागतात. घूं नाही. परवाच्या एकादशीला दीड तास भजन झालं आणि वहीत त्या मुलीने लिहिलंय, "लाल नाही, वास नाही. माइकची वायर खरखरते, शनिवारी बदलायची."